मांडीचा उतार

११ जानेवारी

प्रिय मास्तरीणबाई,

पाकीट बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. तुझा दादा तर जरा जास्तच. वजनकाटा त्याने पलंगाखाली सरकवून ठेवलाय. पण फोनवर तुझ्याशी बोलायला लागलं की पलीकडच्या खोलीतून आई उत्तरं देतात, आणि आज जे सांगायचंय ते त्यांच्याबद्दलच आहे. म्हणून दवाखान्यात, दोन पेशंटच्या मधे, हे लिहायला घेतलंय. तूही उत्तर दवाखान्याच्याच पत्त्यावर पाठव.

आईंची कंबर आता फार दुखते. डावा गुडघाही. त्या सांगत नाहीत, पण परवा मी लवकर घरी आले तर त्या जिना उतरत होत्या: तोंड भिंतीकडे, दोन्ही हातांनी कठडा धरलेला, खेकड्यासारख्या आडव्या. मला बघून म्हणाल्या, "भिंतीचा रंग उडालाय का ते बघत होते."

मग मी हट्टाने एक्स-रे काढला. तू आयुष्यभर मेडिकलच्या मुलांना शरीररचना शिकवतेस, माहीत असूनही तो बघून तुला कसंसं झालं असतं. उजवीकडे वाटी आहे, वाटीत गोळा आहे, मधे काळी फट आहे. डावीकडे काहीच नाही. कंबरेचं हाड सरळ मांडीचं हाड होऊन खाली उतरतं, मधे फट नाही, शिवण नाही. शाळेत असताना खुब्यात क्षय झाला, तेव्हाच्या डॉक्टरांनी किडलेलं खरवडून काढलं आणि पट्टी-स्क्रू लावून दोन हाडं कायमची जोडून टाकली. दुखणं गेलं, हालचालही गेली. त्या दिवसापासून खुब्याचं वाकणं-वळणं कंबर आणि गुडघाच करतायत. पन्नासहून जास्त वर्षं दुसऱ्याचं काम केल्यावर आता दोघं थकलेत, त्यांचं काही चुकत नाही.

आईंनी एक्स-रे खिडकीशी धरून बघितला. मग म्हणाल्या, "हे परत उघडता येतं का गं?"

मी विचारलं, "उघडून काय करायचंय?"

"बसायचंय," म्हणाल्या. "खुर्चीत. सगळीच्या सगळी."

उघडता येतं. हाड कापून तिथे कृत्रिम सांधा बसवता येतो. पण एकच अट आहे, आणि ती तुला माझ्यापेक्षा चांगली माहीत आहे: खुब्याच्या बाजूचा तो पंख्यासारखा स्नायू जिवंत हवा. तो असेल तर नवीन सांधा त्यांना पेलेल. नसेल तर आज लंगडत का होईना, पण काठीशिवाय चालणारी बाई मी दोन कुबड्यांवर आणून ठेवेन.

काय करू?

तुझी,
वहिनी

*

२३ जानेवारी

प्रिय सुतारीणबाई,

काही करू नकोस.

मला ठाऊक आहे, तुम्हा हातोडी-करवत-छिन्नीवाल्या हाडांच्या डॉक्टरांना बंद दार दिसलं की हात शिवशिवतात. पण हे दार बंद आहे म्हणून आमची आई उभी आहे. तुझ्याकडे एक्स-रे आहे. माझ्याकडे तो व्रण आहे. लहानपणी ती आंघोळ करून आली की मी तो बघायचे: कंबरेच्या हाडाच्या काठापासून मांडीच्या बाजूने उतरणारा, मधे रुंद, पांढरा, रेल्वेच्या रुळासारखे टाक्यांचे ठिपके असलेला. तेव्हा मला त्याचं काही कळत नव्हतं. आता कळतं. तिथून आत शिरायचं तर पंखा बाजूला केल्याशिवाय हाड दिसतच नाही. त्या काळचे सर्जन तो सरळ कापून टाकत. हा सांधा पुन्हा कधी हलणारच नाही, मग हलवणारा स्नायू कोणासाठी जपायचा? कापल्यावर जे काही उरलं असेल त्याची इतक्या वर्षांत चरबी झाली असेल. मी अशी चरबी पाहिली आहे. पिवळी असते, बोटाने दाबली की खड्डा पडतो.

आठवतं, तुझं लग्न झाल्यावर मी तुला सांगितलं होतं की आमच्या आईच्या मांडीला उतार आहे? तू हसलीस, तुला वाटलं मी चेष्टा करतेय. खुर्चीच्या कडेवर तिरकी टेकायची, डावा पाय पुढे ताठ, मांडी घसरगुंडीसारखी. दादा आणि मी तिच्या मांडीवर कधी बसलोच नाही, आम्ही घसरायचो. तिच्या मांडीवर ताटली राहायची नाही, लोकरीचा गुंडा राहायचा नाही, मांजरसुद्धा दोनदा घसरलं आणि मग बाबांकडे जाऊन बसलं. ती सगळं लिहिणं उभ्याने लिहायची, वाचनालयाच्या उंच काउंटरवर.

तर बसायचं सुख आम्हाला माहीत नाही असं नाही. पण चालणं पणाला लावून बसणं नको.

मी रागावलेय असं वाटत असेल तर बरोबर वाटतंय.

मास्तरीण

*

२ फेब्रुवारी

प्रिय मास्तरीणबाई,

तुझं पत्र मी दोन पेशंटच्या मधे वाचलं आणि तिसऱ्याला उगाच ओरडले. त्याचा घोटा मुरगळला होता, त्याचा काय दोष.

तुझं म्हणणं बरोबर असू शकतं. म्हणूनच विचारलं होतं. पण तू व्रण वाचलास, मी हात लावून बघितला.

एमआरआय केला. जुनी पट्टी आणि स्क्रू अजून आत आहेत, त्यामुळे नेमका तोच भाग धुक्यात गेला. सुई टोचून स्नायूची तपासणी करवली. अहवालात लिहून आलं, "थोडी हालचाल, खात्रीने सांगता येत नाही." हे मला आधीच माहीत होतं, त्यासाठी आईंना सुया कशाला टोचल्या, असं झालं. आई त्या तपासनिसाला म्हणाल्या, "तुम्ही अहवाल छान लिहिता. अमुक पुस्तक आहे का विचारलं की आमचा शिपाई असंच उत्तर द्यायचा."

मग रविवारी त्यांना उजव्या कुशीवर झोपवलं, डाव्या खुब्यावर तळवा ठेवला आणि म्हटलं, आई, पाय वर उचला.

"हलणार नाही तो."

"माहीत आहे. तरी उचला."

त्यांनी डोळे मिटले. पाय अर्थातच तसूभर हलला नाही. पण माझ्या तळव्याखाली काहीतरी आवळलं. झोपलेलं मांजर अंग ताणतं ना, तसं. सोडा म्हटलं, सुटलं. परत उचला म्हटलं, परत आवळलं. तुझा दादा दारात उभा होता (त्याला रक्त बघवत नाही, इथे नव्हतं म्हणून), त्यालाही हात लावून बघायला लावलं. तो म्हणाला, "आई, तू कोणाला तरी आत लपवलंयस."

मी आमच्या सरांना दाखवलं. असे जोडलेले खुबे त्यांनी पूर्वी उघडलेत. त्यांचे स्वतःचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत, त्यामुळे ते पेशंटशी फार प्रेमाने वागतात आणि आमच्याशी अजिबात नाही. करायचं ठरलं तर शस्त्रक्रिया तेच करतील, मी मदतीला. घरच्या माणसावर स्वतः चाकू चालवायचा नाही हा नियम मला मान्य आहे. पण ते म्हणाले, "स्नायू खात्रीचा वाटल्याशिवाय मी हात लावणार नाही. आधी तुझ्या नणंदेचं समाधान कर, तिचं म्हणणं बिनबुडाचं नाही."

म्हणून विचारते. काय आवळलं?

वहिनी

*

१२ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझा अंगठा कुठे होता?

तुझे हात लहान आहेत. पंखा झाकायचा म्हणून तळवा ठेवलास तरी तो पुढच्या काठाशी गेला असणार. तिथे काय आहे? पँटच्या खिशाखाली येतो तो छोटा स्नायू. माझ्या मुलांना मी त्याला खिशाखालचा म्हणूनच शिकवते. तोही पाय बाहेर घ्यायलाच मदत करतो, तोही आवळतो, आणि पहिल्या वर्षाची निम्मी मुलं त्यालाच पंखा समजतात. खिशाखालचा एकटा कंबर पेलू शकत नाही. तो नुसता मोठ्याचा आव आणतो.

आता तुला शिकवायला बसले याबद्दल माफ कर. पण विचार कर, एका पायावर उभं राहिलं की कंबर दुसऱ्या बाजूला पडत का नाही? पंखा धरून ठेवतो म्हणून. प्रत्येक पावलाला, आपल्याला न कळता. तो गेलेली माणसं झुकत झुकत चालतात, बदकासारखी. आईची चाल निदान ताठ आहे. मला ती ताठ चाल फार आवडते. वाचनालयाच्या लांब खोलीतून ती यायची तेव्हा टक्-सर्र, टक्-सर्र असा आवाज यायचा, आणि वाचणारी माणसं मान वर न करता गप्प बसायची.

तुला कधी सांगितलं नव्हतं. मी हा विषय घेतला तो तिच्यामुळे. तिच्या त्या पायात आत काय आहे ते मला बघायचं होतं. किती वर्षं झाली, मी दुसऱ्यांचे खुबे उघडतेय. सगळे मेलेल्यांचे. त्यांतला एकही जोडलेला नव्हता. आणि आता तू जिवंत बाईचा, माझ्याच आईचा खुबा उघडायचं म्हणतेस, तर मला नुसती ती चरबी दिसते.

परीक्षा आहेत, मला येता येणार नाही. हे कारण खरं आहे, पण एवढंच कारण नाही.

धाकटी

*

२० फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

तुझ्या वहिनीच्या पिशवीत तुझी पत्रं सापडली. लपवायची असतील तर माणसाने निदान पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव लिहू नये. चाळीस वर्षं मी लोकांच्या पिशव्यांतून वाचनालयाची पुस्तकं हुडकून काढली आहेत, सुनेची पिशवी म्हणजे काय मोठं.

तिला रागावू नकोस. ती बिचारी घाबरली. मी म्हटलं, मला आवडली पत्रं. माझ्या खुब्यावर एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

तू खिशाखालचा लिहिलंस. मला खिसा कुठे असतो तेही नीट माहीत नाही, मी आयुष्यभर साडी नेसले. पण एक गोष्ट मला माहीत आहे आणि तुम्हा दोघींना नाही, ती सांगते.

काउंटरचं ते अर्धं दार आठवतं? तुझ्या छातीएवढं होतं, तू त्याला लोंबकळायचीस. त्याची कडी मोडली होती. नवीन कडीसाठी मी अर्ज केला, मग दुसरा केला, मग साहेब बदलले. लोक काउंटरवर रेलायचे आणि दार आत यायचं. मग मी स्टुलाच्या कडेवर टेकून डावा पाय त्या दाराला लावून ठेवायला लागले. पायाच्या बाहेरच्या बाजूने. पाय ताठच होता, तिथे छान बसायचा. कोणी रेललं की मी आतून बाहेर ढकलायची. परीक्षेच्या दिवसांत तर सतत. संध्याकाळी त्या बाजूला, तुमच्या पंख्याच्या जागी, अस्सं भरून यायचं. मी बाबांना म्हणायची, आज पायाने खूप काम केलं. ते हसायचे, म्हणायचे, तो पाय काम कसा करेल?

कडी शेवटपर्यंत आली नाही. मी निवृत्त झाल्यावर दोन महिन्यांत बसवली.

तुझं चालणं पणाला लावू नका म्हणणं मला कळलं. पण चालणं माझं आहे, पणाला मीच लावणार. तू फक्त मला खरं सांग: ते जे भरून यायचं ते काय होतं?

आई

ता. क. हे उभ्यानेच लिहिलंय, ओट्यावर. कंबर दुखायला लागली, म्हणून थांबते.

*

२ मार्च

प्रिय वहिनी,

आईचं पत्र आलं. तुला माहीतच असणार. तुझी पिशवी बदल.

मी ते वर्गात नेलं. म्हणजे वाचून दाखवायला नाही, नुसतं खिशात ठेवून. त्या दिवशी नेमका खुब्याच्या नसांचा तास होता. फळ्यावर काढत होते, नेहमीसारखी: कंबरेच्या आतून एक नस बाहेर येते, पंख्याच्या खालून, त्याच्या आणि त्याखालच्या स्नायूच्या मधल्या फटीतून पुढे जाते, वाटेत पंख्याला फांद्या देते, आणि शेवटी कुठे संपते? वर्ग ओरडला, "खिशाखालच्यात!" हे मी त्यांच्याकडून दर वर्षी घोकून घेते.

खडू हातातच राहिला.

वहिनी, खिशाखालचा त्या नसेचं शेवटचं घर आहे! तिला तिथवर जायचं तर पंख्याखालूनच जावं लागतं, दुसरी वाट नाही. तुझ्या तळव्याखाली समजा तो छोटाच आवळला, मी म्हणते तसा. तरी त्याचा अर्थ काय? गल्लीतल्या शेवटच्या घरात दिवा लागतोय. म्हणजे तार कापलेली नाही. ज्याने त्या मुलीचा खुबा जोडला त्या माणसाने पंखा मुळापासून उडवला असता तर त्याच्या पोटाखालची ती नस सुटली नसती. त्याने पंखा खरवडून सारला असेल, थोडा कापला असेल, पण ती फट राखली. त्याला ठाऊक होतं की हा सांधा कधी हलणार नाही, तरी त्याने नस राखली. का, ते आता कोणाला विचारणार? मी इतके दिवस त्या माणसाला मनात शिव्या देत होते.

आणि दार. आईला मी वेगळं लिहिते आहे, पण तुला सांगते, कारण तुलाच याची मजा कळेल. जोडलेल्या सांध्यावरून जाणारा स्नायू पाय हलवू शकतच नाही. ते दार तिने कंबरेने आणि पाठीने रोखलं. बाबांचं म्हणणं बरोबर होतं. पण पंख्याला हे कोणी सांगितलं नव्हतं! तिने मनात म्हटलं "ढकल" की हुकूम त्याच्याकडेही जायचा, आणि तो बिचारा जिवाच्या आकांताने हाडाला हाड लावून ओढत बसायचा. रोज. परीक्षेच्या दिवसांत सतत. भरून यायचं ते त्यामुळे. एका न आलेल्या कडीने त्याला नोकरीवर ठेवलं.

खात्री नाही. सरांना सांग, खात्री मी देऊ शकत नाही. मेलेल्यांवरून एवढंच कळतं. पण माझा विरोध मी मागे घेते.

दोन गोष्टी मात्र त्यांना सांग, आगाऊपणा वाटला तरी. पंख्याच्या मधून वाट काढू नका. वर नस आडवी जाते, चार बोटांच्या पलीकडे चिरत गेलात तर तुम्हीच ती कापाल, आणि या बाईच्या बाबतीत चार बोटं कुठून मोजायची तेही कोणाला माहीत नाही. आणि पायात उतरणारी ती जाड सायटिक नस तिच्या नेहमीच्या जागी असेल असं धरून चालू नका. जुन्या व्रणाने तिला कुठेही ओढून नेलं असेल. आधी ती शोधा, मग बाकीचं.

जिवंत माणसाच्या बाबतीत मला एवढं बोलायची सवय नाही.

धाकटी

*

६ एप्रिल

मास्तरीणबाई,

लाल होता!!

फोनवर दादाने "सगळं ठीक" एवढंच सांगितलं असणार, कारण पुढचं ऐकायला तो थांबलाच नाही. म्हणून आता सविस्तर घे.

तुझं पत्र सरांना वाचून दाखवलं होतं. चार बोटांचं ऐकून म्हणाले, "मला शिकवते?" मग थोड्या वेळाने म्हणाले, "तिला म्हणावं, मी मधून जाणारच नव्हतो. मी झाकण उघडणार आहे." म्हणजे काय ते तुला कळेल, आईंना मी असं समजावलं: पंखा ज्या हाडाच्या उंचवट्याला चिकटलेला असतो, तो उंचवटाच करवतीने पातळ कापायचा आणि पंख्यासकट वर उलटायचा, डब्याचं झाकण उघडावं तसा. स्नायूला चाकू लावायचाच नाही. काम झालं की झाकण परत बसवायचं, तारांनी आवळायचं, हाड हाडाला आपोआप जुळतं. आई म्हणाल्या, "बांधणी न उसवता पुस्तकाची पानं बदलायची म्हण की."

कंबरेखाली बधिर केलं होतं, त्या गुंगीत होत्या. जुन्या व्रणावरूनच आत गेलो. कातडीखाली सगळं पांढरं, चिवट, थरच कळेनात. सायटिक नस आधी शोधली. तू म्हणालीस तशीच होती, हाडाला चिकटून, असायला हवी त्याहून पुष्कळ पुढे. नेहमीच्या वाटेने गेलो असतो तर... जाऊ दे. तिला सोडवून रबरी पट्टीने बाजूला धरली. मग पट्टी-स्क्रू काढले. एक स्क्रू येईना, सर त्याच्याशी असे बोलत होते की ते इथे लिहिता येणार नाही.

मग वरचा पांढरा पडदा चिरला. मी डोळे मिटले नाहीत, पण मिटावेसे वाटले.

लाल होता गं. कडेने पिवळा होता, मागच्या भागात चरबी होती, तुझी ती खड्डा पडणारी. एक तृतीयांश असेल. पण मधे आणि पुढे लाल, भरीव, पंख्यासारखाच पसरलेला. सरांनी विजेच्या चिमट्याचं टोक लावलं आणि तो उडाला. टुणकन्. सर माझ्याकडे वळले. मला म्हणाले, "तू हात लाव." मी बोट ठेवलं, त्यांनी पुन्हा टोक लावलं. परत उडाला. मास्कच्या आत माझं नाक वाहत होतं आणि पुसायची सोय नव्हती.

झाकण उलटलं. हाड कापलं. मग खरी पंचाईत: वाटी कुठे होती? सगळं एकच हाड, त्याला मुळीच आठवत नाही की इथे कधी सांधा होता. थोडं थोडं कोरत गेलो. चुकीच्या जागी कोरलं तर कंबरेच्या आत. आणि एकदम, खोल तळाशी, पिवळी मऊ चरबी दिसली, बोराएवढी. वाटीच्या तळाला जी असते तीच, शाळेतल्या मुलीची, जशीच्या तशी. हाडाने सगळं गिळलं होतं, तेवढा ठिपका राहिला होता. सर म्हणाले, "हा बघ पत्ता." तिथेच नवीन वाटी बसवली.

शेवटी गोळा वाटीत घातला आणि सरांनी गुडघा धरून पाय उचलला. मांडी वाकली. मांडी वाकली, बाई. ती मांडी मी लग्न होऊन या घरात आल्यापासून कधी वाकलेली बघितली नव्हती.

आई आता जाग्या आहेत. पायाची बोटं हलतात, नस सुखरूप आहे. पहिला प्रश्न होता, "कडी निघाली का?"

झाकण जुळेपर्यंत पायावर पूर्ण भार द्यायचा नाही. पंखा कंबर पेलेल की नाही, ते त्यानंतरच कळेल.

वहिनी

*

१५ एप्रिल

वहिनी,

तुझं पत्र वर्गात वाचून दाखवलं, बोराएवढ्या ठिपक्यापर्यंत. पुढचं वाचता आलं नाही. पहिल्या बाकावरच्या मुलीने उठून वाचलं. "मांडी वाकली, बाई" वर सगळ्यांनी बाकं वाजवली. शेजारच्या वर्गातून तक्रार आली.

ती एका पायावर उभी राहिली की त्याच दिवशी लिही. डाव्या. आधार न घेता. कंबरेकडे बघ, पायाकडे नाही.

धाकटी

*

१९ जुलै

प्रिय मास्तरीणबाई,

मधे फक्त फोन केले, लिहिलं नाही, त्याचं कारण तू विचारलं नाहीस तरी सांगते. मे महिन्यात चित्र चांगलं नव्हतं. भार द्यायला लागल्यावर आई झुकायच्या. डावा पाय टेकला की अंग डावीकडे, अगदी तू लिहिलंस तशा, बदकासारख्या. फोनवर "हळूहळू होतंय" म्हणणारी मी, आणि इकडे रात्री अंथरुणावर तुझं ते पहिलं पत्र आठवायचं. आई मात्र व्यायाम चुकवत नव्हत्या. कुशीवर झोपून पाय वर. पहिल्यांदा वीतभर उचलला तेव्हा पायाकडे अशा बघत राहिल्या, जणू दुसऱ्याच कोणाचा आहे.

पंख्याला भाषाच नवी होती. तो आवळायला तयार होता, पण आवळल्यावर काही हलतं हे त्याला ठाऊक नव्हतं. मग मला सुचलं. तुझ्या दादाला म्हटलं, बाजूला उभा राहा आणि आईंच्या पायावर बाहेरून रेल. आणि आईंना म्हटलं, दार आत येतंय.

"अगं बाई," म्हणाल्या, आणि असा जोर लावला की तुझा दादा कपाटावर गेला. आता तो रोज सकाळी दार होतो. तक्रार करतो, पण होतो.

आज सर तपासायला आले. म्हणाले, "आई, उजवा पाय उचला." आईंनी उचलला. मी मागे उभी होते, दोन्ही अंगठे कंबरेच्या हाडांवर ठेवून. तू म्हणालीस तसं कंबरेकडेच बघत होते. उजवा अंगठा खाली जाईल म्हणून श्वास धरला होता.

गेला नाही. किंचित हलला, आणि थांबला. थांबून राहिला. पंख्याने धरलं. सर मोजत होते, मी नाही. मला काही ऐकू येत नव्हतं. शेवटी आईच म्हणाल्या, "आता खाली ठेवू का, की इथेच राहू?"

सर गेल्यावर आई त्यांच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. मी विचारलं, काय करताय? म्हणाल्या, "माझं काम आहे." काय ते तुलाच कळेल बहुतेक. त्यांनी माझ्याकडून पाकीट आणि तिकीट मागून घेतलंय.

आता परीक्षा नाहीत तुझ्या. ये.

तुझी,
सुतारीण

*

१९ जुलै

प्रिय धाकटे,

अक्षराला हसू नकोस, वेगळ्या जागी लिहिते आहे.

तुझ्या वहिनीने आत्ताच तुला सगळं लिहिलं असेल, सरांनी मोजलं, मी उभी राहिले वगैरे. ते खरं आहे. पण मला त्यात फार नवल वाटलं नाही. उभी तर मी आयुष्यभर होतेच.

मी खिडकीजवळच्या खुर्चीत आहे. बाबांची ती हातांची खुर्ची. मागे सरकून बसलेय, पाठ खुर्चीच्या पाठीला टेकलीय. दोन्ही गुडघे समोर आहेत, शेजारी शेजारी, एका उंचीवर. मी बराच वेळ त्यांच्याकडेच बघत होते. डाव्याचा गुडघा असा समोरून मी बघितलाच नव्हता. उजव्यापेक्षा चांगला दिसतो.

मग मांडीवर एक जाड पुस्तक ठेवलं. राहिलं. त्याच्यावर कागद ठेवला. कागदावर पेन आडवं ठेवून हात काढून घेतला आणि वाट बघितली.

पेन घरंगळलं नाही.

हे पत्र मांडीवर लिहिते आहे. एवढं लांब पत्र लिहिलं तरी कंबर दुखली नाही, हे कळायलाही वेळ लागला. मांजर मघापासून खाली बसून बघतंय. त्याला आधीच्या मांजराने काय सांगून ठेवलंय कोण जाणे, पण पुस्तक बाजूला केलं की येईल असं वाटतं.

वहिनी म्हणते तुला बोलावलंय. तू आता मोठी झालीस, केस पांढरे झालेत, वर्गात मुलांना ओरडतेस. तरी ये. डोकं ठेवून बघ. एकदा तरी बघ, घसरतेस का.

आई